देवाशी समेट आणि मनाची शांती
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



रुग्णालयाच्या वर्षभराच्या कामाचा तपशील या अहवालात इतरत्र आला आहे. किती रुग्ण आले, किती शस्त्रक्रिया झाल्या, निधी कसा खर्च झाला, हे आकड्यांत सांगता येते. परंतु खाटेवर पडलेला मनुष्य रात्रीच्या शांततेत जो प्रश्न विचारतो, त्याचे उत्तर आकड्यांत सापडत नाही. 'आमच्या हातून असे कोणते पाप घडले, म्हणून हे आमच्या वाट्याला आले?' हा प्रश्न आम्ही वारंवार ऐकतो. विचारणारा कोणत्याही धर्माचा असो, प्रश्नाच्या मुळाशी भीती एकच असते : देव आपल्यावर रुष्ट तर नाही ना? या भीतीला ख्रिस्ती श्रद्धा काय उत्तर देते, तेवढेच आज आपल्यापुढे मांडावे असा आमचा मानस आहे.

हाच प्रश्न येशू ख्रिस्ताच्या शिष्यांनीही विचारला होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एका जन्मांध मनुष्याची हकिकत आहे. त्याला पाहून शिष्यांनी विचारले की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने दोन्ही पर्याय नाकारले आणि त्या मनुष्याला दृष्टी दिली. दोष कोणाचा हे शोधण्यात त्याने वेळ दवडला नाही. म्हणून आजारी लेकराच्या उशाशी बसलेल्या मातापित्यांना आम्ही निःशंकपणे सांगतो की, हा आजार म्हणजे देवाने तुमच्यावर बजावलेली शिक्षा आहे, असे मानू नका.

तथापि एवढ्याने मनुष्याचे अंतःकरण स्वस्थ होत नाही. शरीर धडधाकट असतानाही मनात एक सल असतो. केलेला अन्याय, मोडलेला शब्द, दुखावलेली माणसे आठवतात, आणि देवासमोर उभे राहण्याचे धैर्य होत नाही. मराठी पवित्र शास्त्रात यासाठी 'समेट' हा अर्थपूर्ण शब्द आला आहे. देवाशी शांती म्हणजे केवळ मन निवणे नव्हे. तुटलेले नाते पुन्हा जुळणे होय. आणि ते जुळवण्यासाठी पहिले पाऊल देवाने स्वतः उचलले, ख्रिस्ताच्या वधस्तंभावर आपल्या पापांचा भार त्याने स्वतःवर घेतला, हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे.

हे सत्य समजणे आणि त्यात विसावणे यांत केवढे अंतर असते, ते पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून कळते. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रेत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह गावोगाव पुराणे सांगत हिंडले. १८७० नंतरच्या दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने निवर्तली. पुढे १८८० साली भाऊ आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी यांचाही वियोग झाला. कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या देऊन गौरविलेली ही विदुषी लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेली. तेथे समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या. येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा ऐकली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

चरित्र येथेच संपवण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत स्पष्ट नमूद केले की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांच्या मनाला खरी शांती नव्हती. धर्म बुद्धीला पटला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अद्याप गवसला नव्हता. विशेष असे की, १८८९ साली मुंबईत सुरू झालेले त्यांचे शारदासदन याच काळातले. विधवांसाठी त्या झिजत होत्या. तरीही पापाचे ओझे सेवेने उतरले नाही. पुढे १८९१ च्या सुमारास त्यांना उमगले की, क्षमा मिळवायची नसते, ती स्वीकारायची असते. आपण जसे आहोत तसे ख्रिस्ताच्या स्वाधीन होणे, एवढेच हाती असते.

उधळ्या पुत्राच्या दाखल्याचे मर्म हेच आहे. घरी परतणारा तो मुलगा वाटेत मनाशी ठरवतो की, मला चाकर म्हणून तरी ठेवा असे वडिलांना म्हणावे. पण ते वाक्य ओठांवर येण्यापूर्वीच पिता धावत येऊन त्याला कवटाळतो. मजुरी करून फेडण्याचा विचार मुलाचा होता. पित्याच्या मनात तो हिशेब नव्हताच.

आमच्या दात्यांपुढे हे मुद्दाम मांडत आहोत. आपल्या देणगीतून औषधे येतात, गरिबाचे देयक भागते; त्याचे मोल मोठे आहे. परंतु दान हे देवाशी समेटाचे शुल्क नव्हे. तसे मानले तर किती दिले म्हणजे पुरे, ही चिंता देणाऱ्याला कधी सोडत नाही. क्षमा लाभलेला मनुष्य मात्र कृतज्ञतेने देतो आणि निश्चिंत झोपतो. रमाबाईंची सेवा अंतरी शांती लाभल्यावर थांबली नाही, ती विस्तारली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली व स्त्रिया आणून केडगाव येथे त्यांनी त्यांना आसरा दिला. तेच 'मुक्ती' होय.

शेवटी, ज्यांचा माणूस बरा झाला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. देवाशी शांती म्हणजे दुःखापासून सुटकेचे अभिवचन नव्हे. जुलै १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. त्या शोकातही पवित्र शास्त्राच्या सोप्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी पूर्णत्वास नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. डोळ्यांत अश्रू असूनही देवावर रुसवा नाही, ही शांती शक्य आहे, याची ती साक्ष आहे.

आमच्या येथे उपचार करताना कोणाचा धर्म विचारला जात नाही, आणि श्रद्धेची सक्ती तर नाहीच. कारण सक्तीने समेट होत नसतो. मात्र ज्यांना या शांतीविषयी विचारावयाचे असेल, अथवा कोणी शेजारी बसून प्रार्थना करावी असे वाटत असेल, त्यांनी निःसंकोच सांगावे. आम्ही येऊ.

दयाघन प्रभू आपणां सर्वांना त्याची शांती देवो, हीच प्रार्थना.