लिंकन ज्याचा करवला झाला

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जन्मानेच अमेरिकी नागरिक असावा लागतो, अशी तिथल्या घटनेत अट आहे. इलिनॉयमधल्या एका पोराला ही अट पहिल्यांदा कळली तेव्हा तो ढसाढसा रडला म्हणतात. एडवर्ड डिकिन्सन बेकर त्याचे नाव, आणि जन्म १८११ सालचा, लंडनचा. गोष्ट मागाहून रचलेली असेलही, पण माणूस तिच्यात नेमका उतरला आहे.

बाप शाळामास्तर. कुटुंब आधी फिलाडेल्फियाला आले. मग रॉबर्ट ओवेन इंडियानात न्यू हार्मनी नावाची समाईक मालकीची वसाहत वसवत होता, तिच्या ओढीने १८२५ मध्ये तिकडे गेले आणि पुढे इलिनॉयला. तिथे बेकरला वकिलीची सनद मिळाली तेव्हा त्याचे वय होते एकोणीस. आज नवल वाटेल, पण नव्या वस्तीच्या त्या मुलखात वकील व्हायला कॉलेज लागत नसे. कुणाकडून तरी कायद्याची पुस्तके उसनी आणून वाचायची आणि परीक्षा घेणाऱ्यांचे समाधान करायचे, एवढेच. खरी परीक्षा पुढे कोर्टात.

आणि कोर्ट होते फिरते. न्यायाधीश आणि वकील घोड्यांवरून एका काउंटीच्या गावातून दुसऱ्या गावात जात, एकाच खाणावळीत उतरत, एका बिछान्यावर दोघे निजत. गावात ना नाटक, ना तमाशा. त्यामुळे कोर्ट आले की आसपासचे शेतकरी गाड्या जुंपून खटले ऐकायला येत. दुपारी ज्याने ज्यूरीला हलवले, त्याचेच राजकीय भाषण ऐकायला संध्याकाळी तीच माणसे थांबत. तिथले इतके पुढारी वकीलच का निघाले, याचे उत्तर मला तरी इथेच दिसते. अशील आणि मतदार एकाच गर्दीत बसलेले असत.

बेकर १८३५ मध्ये स्प्रिंगफील्डला आला, लिंकन दोन वर्षांनी. दोघेही व्हिग पक्षाचे. एकदा कोर्टाच्या दालनात बेकरची सभा चालू होती. सरकारी जमीन कचेऱ्यांतल्या भ्रष्टाचारावर त्याची तोफ डागणे सुरू झाले आणि विरोधी पक्षाची माणसे त्याला खाली खेचायला उठली. वरच्याच मजल्यावर लिंकनचे वकिलीचे ऑफिस होते आणि मधल्या फळ्यांत एक झडप. त्या झडपेतून आधी दोन लांबलचक पाय लोंबकळले, मग अख्खा लिंकन व्यासपीठावर उतरला. बेकरला बोलण्याचा हक्क आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही, असे त्याने बजावले आणि सभा पुढे चालू झाली. लिंकनचा वकिलीतला भागीदार हर्नडन याने हा प्रसंग सांगून ठेवला आहे.

पण १८४३ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारीसाठी हेच दोन मित्र समोरासमोर आले. काउंटीने कौल दिला बेकरला. वर जिल्हा अधिवेशनात त्याची बाजू मांडायला प्रतिनिधी म्हणून धाडले लिंकनला! लिंकनने एका मित्राला पत्रात कळवले, की आपली अवस्था आपली लाडकी प्रेयसी पटकावून तिच्याशी लग्न करणाऱ्याचाच करवला होणाऱ्यासारखी झाली आहे. उमेदवारी शेवटी तिसऱ्याच्या, हार्डिनच्या, पदरात पडली. पुढच्या खेपेला बेकर निवडून आला आणि त्यानंतर लिंकन. १८४६ मध्ये लिंकनला दुसरा मुलगा झाला, त्याचे नाव त्याने एडवर्ड बेकर ठेवले. राजकारणातल्या हेव्यादाव्यांच्या गोष्टी आपण नेहमी ऐकतो, म्हणून हीही सांगितली.

मेक्सिकोच्या युद्धात कर्नल, इलिनॉयमधल्याच गॅलेनाहून पुन्हा खासदार, मग १८५२ मध्ये कॅलिफोर्निया. सोन्यामागे धावणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोत वकिलांना पैसा होता आणि धोकाही. चार्ल्स कोरा नावाच्या जुगाऱ्याने केंद्र सरकारच्या मार्शलला गोळी घातली तेव्हा सारे शहर फाशी मागत होते. बेकरने कोराचे वकीलपत्र घेतले आणि ज्यूरीत फूट पडली. मे १८५६ मध्ये स्वयंघोषित दक्षता समितीने कोराला तुरुंगातून काढून फाशी दिले. बेकरलाही लोकांचा रोष सोसावा लागला. त्याच्या साऱ्या कारकिर्दीत मला हे वकीलपत्र घेणेच मोठे वाटते.

पुढे तो ओरेगॉनला गेला आणि तिथल्या विधिमंडळाने १८६० मध्ये त्याला सिनेटवर पाठवले. ४ मार्च १८६१ रोजी लिंकनचा शपथविधी झाला तेव्हा जमावाला नव्या राष्ट्राध्यक्षाची ओळख करून देणारा बेकरच होता.

यादवी पेटली. जनरलपद घेतले तर सिनेट सोडावी लागेल, म्हणून तो कर्नलच राहिला. एकदा तर गणवेशातच सभागृहात येऊन बोलला. २१ ऑक्टोबर १८६१ रोजी पोटोमॅक नदीकाठी बॉल्स ब्लफ इथे नदीपलीकडे गेलेली आपली तुकडी मागे घ्यायची की कुमक न्यायची, हे वरिष्ठ जनरल चार्ल्स स्टोन याने बेकरवर सोपवले होते. त्याने कुमक नेली. होड्या मोजक्याच, पाठीशी उभा कडा आणि खाली नदी. दुपार उलटल्यावर गोळ्या लागून तो पडला. लढाईत मारला गेलेला पदावरचा सिनेटर आजवर तो एकटाच. सुमारे सतराशे सैनिकांपैकी निम्म्याहून अधिक मेले, घायाळ झाले किंवा पकडले गेले. तारघरात बातमी कळताच लिंकन रडत बाहेर पडला.

निर्णय चुकला तो बेकरचा. पण शहीद सिनेटरला दोष कोण देणार? काँग्रेसने चौकशी समिती नेमली आणि फेब्रुवारी १८६२ मध्ये स्टोनला मध्यरात्री अटक झाली. आरोपपत्र नाही, खटला नाही, १८९ दिवस कैद. बेकरचे नाव ओरेगॉनातल्या एका काउंटीला आणि गोल्डन गेट पुलाच्या उत्तर टोकाखालच्या किल्ल्याला मिळाले. स्टोन पुढे इजिप्तचा शासक खेदिव याच्या नोकरीत गेला आणि परतल्यावर न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा बांधण्याच्या कामावर मुख्य इंजिनिअर झाला.