बियाण्याचा हिशेब आपणच मांडू
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आपल्या रत्नागिरीत चार महिने धो धो पाऊस आणि शिमगा सरला की विहिरी तळाला. एकाच गावात कातळ, वरकस, मळ्याची जमीन आणि खाडीकाठची खार. एक बियाणे सगळीकडे कसे चालणार? वरकसाला हळवे भात, पाणथळीला गरवे, ही वाटणी आपल्या आज्या-पणज्यांनी लोंब्या निवडून बसवली. शास्त्रज्ञ तिलाच आनुवंशिक विविधता म्हणतात.

१९७२ साली दापोलीला कृषी विद्यापीठ झाले. शिरगाव केंद्राने 'रत्नागिरी-२४' दिले, पनवेल केंद्राने खार सोसणारे भात दिले. या कामाची कदर आम्ही करतो. १९९८ साली कर्जतहून 'सह्याद्री' हे संकरित भात आले. इथे फरक समजून घेऊ. भाताचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून सरळ वाणाचे बी घरी राखले तरी गुण टिकतात. संकरिताचे राखले तर पुढच्या पिकात गुण फुटतात. बी दर वर्षी विकत घ्यावे लागते. उत्पन्न वाढेलही, पण खर्च वजा जाता पदरात काय पडते ते मांडूनच पेरा.

आता इंधनाच्या पिकाचे पाहू. २००३ साली नियोजन मंडळाच्या समितीने मोगली एरंडाची शिफारस केली. पडीक जमिनीत, बिनपाण्याचे डिझेल पिकणार म्हणाले! पण त्या झाडाचा पारखलेला वाणच नव्हता; रानटी बी लावले गेले. उत्पन्न अंदाजाच्या जवळपासही गेले नाही. वर्षे वाया गेली ती लावणाऱ्याची, सांगणाऱ्याची नव्हे.

आपल्या किनाऱ्यावर उंडी आहे. तिच्या तेलावर पूर्वी दिवे जळत. तिच्यातली भरघोस फळणारी झाडे हेरावी, त्यांची कलमे बांधावी, पारख व्हावी आणि मगच लागवडीचे आवाहन करावे. हापूस तरी काय, चांगल्या झाडाची कलमेच ना!

२००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा हक्क आपल्याला दिला आहे. नोंदणीकृत वाणाने सांगितलेले गुण दाखवले नाहीत, तर भरपाई मागता येते. मात्र पिशवी, पावती जपून ठेवा.

तेव्हा गावोगाव दोन गुंठ्यांत जुने आणि नवे वाण शेजारी शेजारी लावा. खर्च, उतारा, पेंढा वहीत लिहा. विद्यापीठापुढे आपण ती वही घेऊन जाऊ. हात पसरून नव्हे, हिशेब घेऊन!