शाळेच्या आवारातील तण : ओळख, उपयोग आणि सावधगिरी

(बीबी, तालुका लोणार, जिल्हा बुलडाणा येथे प्राथमिक शिक्षकांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर मृगाचा पाऊस बहुधा होऊन गेलेला असतो व पटांगण हिरवे झालेले असते. सफाईच्या पहिल्याच दिवशी खुरपी चालतात, दोन तासांत आवार उघडेबोडके होते आणि उपटलेला ढीग कुंपणाबाहेर जातो. पटांगण स्वच्छ असावे याविषयी दुमत नाही. परंतु त्या ढिगात भाजी असते, खत असते, परिसर अभ्यासाचा पाठ असतो आणि क्वचित विषही असते. यांतील काय कोणते हे मुलांना न दाखविता सर्वच फेकून देणे म्हणजे हाती आलेला पाठ गमावणे होय.

तण म्हणजे नको त्या जागी उगवलेली वनस्पती. कपाशीच्या ओळीत उगवलेले सोयाबीनदेखील शेतकऱ्याच्या लेखी तणच. म्हणून आवारातील तणांचे राखावयाची, वापरावयाची आणि काढून टाकावयाची असे तीन वर्ग करणे सोयीचे ठरते.

राखावयाच्या तणांत हराळी पहिली. तिच्या प्रत्येक पेराला मूळ फुटते व ते मातीला घट्ट धरून ठेवते. पावसाचे पाणी जेथून वाहते तो उतार आणि मैदानाची कड हराळीने झाकलेली असावी. तीच हराळी परसबागेच्या वाफ्यात शिरली तर मात्र मोठी डोकेदुखी होते. कारण खुरपीने तुटलेला प्रत्येक तुकडा नव्याने रुजतो. वाफ्यातील हराळी उन्हाळ्यात खोल खणून, मुळे वेचून उन्हात वाळविणे हाच खरा उपाय होय.

वापरावयाच्या तणांची यादी मोठी आहे. टाकळा, ज्यास वऱ्हाडात तरोटा म्हणतात, पहिल्या पावसानंतर सर्वत्र उगवतो. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतात. रात्री त्याची पाने मिटतात. हे निरीक्षण मुलांना घरी करावयास सांगता येते. कुर्डूची आणि केन्याची कोवळी पानेही भाजीत जातात. घोळ जमिनीलगत पसरते. तिची पाने मांसल व चवीला आंबूस असतात. तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल बरेच असल्याने मुतखड्याचा विकार असलेल्यांनी ती जपून खावी. हापशीजवळच्या ओलीत पांढऱ्या चिमुकल्या फुलांचा माका वाढतो. त्याचा रस तेलात कढवून केसांना लावण्याची रीत घरोघर होती. पुनर्नवा उन्हाळ्यात वरून वाळते आणि पाऊस पडताच मुळापासून पुन्हा फुटते. तिच्या नावाचा अर्थ मुलांना वेगळा सांगावा लागत नाही. आयुर्वेदात तिचे मूळ सुजेवर सांगितले आहे.

परसबागेसाठी तर बहुतेक तण उपयोगी आहे. बी धरण्यापूर्वी उपटलेले तण वांगी-मिरचीच्या बुडाशी पसरले, तर ओल टिकते आणि नवे तण कमी उगवते. उरलेले खड्ड्यात घालून त्यावर शेण व माती यांचे थर द्यावेत, ओल राखावी आणि अधूनमधून ढीग उलथावा. बी धरलेले तण मात्र खड्ड्यात घालू नये. लहान ढिगात पुरेशी उष्णता होत नाही, बी जिवंत राहते व खताबरोबर पुन्हा वाफ्यात येते.

काढून टाकावयाच्या तणांत गाजरगवत अग्रभागी आहे. मूळच्या अमेरिका खंडातील या वनस्पतीची नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली आणि पुढे ती देशभर पसरली. एकेक झाड हजारो बिया टाकते. तिच्या स्पर्शाने कातडीला खाज व पुरळ येते, परागांनी दम्याचा त्रास वाढतो. म्हणून हे काम मुलांकडे कधीही देऊ नये. मोठ्या माणसांनी हातमोजे घालून व तोंडाला फडके बांधून, फुले येण्यापूर्वी ते मुळासकट उपटावे. गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगे १९८४ मध्ये बंगळूर येथे प्रथम सोडण्यात आले. पावसाळ्यात पानांवर ते दिसल्यास मारू नयेत. मोकळ्या झालेल्या जागी तरोट्याचे बी टाकल्यास तो दाट वाढून गाजरगवताला दाबतो.

धोत्रा आवारात असूच नये. त्याचे सर्व भाग, विशेषतः बिया, विषारी आहेत. पिवळ्या धोत्र्याचे बी मोहरीसारखे दिसते. त्याच्या तेलाची भेसळ झालेले मोहरीचे तेल खाण्यात आल्याने १९९८ मध्ये दिल्लीत अनेक माणसे दगावली. ओळख चुकण्याची किंमत किती मोठी असते, हे यावरून ध्यानी यावे. एखाद्या मुलाने अनोळखी बी खाल्ल्यास घरगुती उपाय करीत बसू नये. त्या झाडाची फांदी बरोबर घेऊन तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

येथेच औषधी उपयोगाची मर्यादा येते. वनस्पतीचा गुण सांगणे निराळे आणि औषध देणे निराळे. पहिले शिक्षकाचे काम आहे, दुसरे वैद्याचे. एकदांडीचा, म्हणजे कंबरमोडीचा, पाला चोळून जखमेला लावण्याची रीत खेड्यात आहे. ती मुलांना अवश्य सांगावी. परंतु शाळेत मूल पडले, तर जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीची विचारणा करावी. पाल्याबरोबर जखमेत जाणाऱ्या मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात.

नावांचाही घोळ होतो. एकाच नावाने दोन वनस्पती आणि एकाच वनस्पतीला चार नावे, हे नित्याचे आहे. पुनर्नवा म्हणून पुष्कळदा विषखापरा उपटला जातो. घोळ आणि नायटी दोन्ही पटांगणात उगवतात. देठ मोडताच नायटीतून पांढरा चीक निघतो, घोळीतून निघत नाही. अशी खूण प्रत्यक्ष दाखविल्याखेरीज कोणतेही पान खाण्यायोग्य म्हणून सांगू नये. रस्त्याच्या कडेची अथवा तणनाशक फवारलेल्या धुऱ्यावरची भाजी कोणीही आणू नये आणि शाळेच्या आवारात तणनाशक फवारू नये.

पूर्वी निंदणाच्या वेळी आईमागे बसलेली मुलगी पात पुरी होईतो दहा वनस्पतींची नावे शिकत असे. आता पुष्कळ शेतांत निंदणाची जागा फवारणीने घेतली आहे आणि तो वर्ग बंद पडत चालला आहे. तो शाळेने चालवावयास हवा. यंदा सफाईपूर्वी प्रत्येक शिक्षकाने एक तास राखून ठेवावा. गावातील दोन जाणत्या आजींना बोलवावे, मुलांना त्यांच्याबरोबर पटांगणात फिरवावे. दहा वनस्पतींची गावातील नावे, खूण, उपयोग व धोका वहीत लिहून घ्यावा आणि एकेक पान कागदात दाबून वाळवावे. पुस्तकातील माहितीशी ती नोंद ताडून पाहावी. त्यानंतर खुरपी खुशाल चालवावीत. कारण काय राखले आणि काय काढले, हे तेव्हा प्रत्येक मुलाला सांगता येईल.