आयर्विन ॲलन आणि आगीचा हिशेब



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे पंडित बोलून गेले आहेत. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि जुन्या बाजारातल्या पुस्तकांवर. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी एका अमेरिकन सिनेमावाल्याचे नाव सांगितले. ते जरा चमकलेच. बोनस, कंत्राटी पद्धत असे काही त्यांना अपेक्षित असावे. मी म्हटले, बोलणार आहे ते त्याविषयीच, फक्त रस्ता हॉलिवूडवरून नेतो.

या गृहस्थाचे नाव आयर्विन ॲलन. जन्म १२ जून १९१६, न्यूयॉर्क. रशियातून आलेल्या गरीब ज्यू आईबापांचा हा मुलगा. कोलंबिया विद्यापीठात वृत्तपत्रविद्या आणि जाहिरातशास्त्र शिकत होता, तोच महामंदीच्या काळात पैसा सरला आणि शिक्षण सुटले. १९३८ साली तो हॉलिवूडला गेला. तिथे एक मासिक संपादले, रेडिओवर नटनट्यांच्या बातम्या सांगितल्या, मग चित्रपटनिर्मितीत शिरला. राशेल कार्सन बाईंच्या समुद्रावरील पुस्तकावरून त्याने 'द सी अराउंड अस' हा माहितीपट काढला. त्याला ऑस्कर मिळाले. पण बाईंना त्याची संहिता इतकी नापसंत पडली की त्यांनी पुन्हा आपल्या कुठल्याच पुस्तकाचे हक्क सिनेमाला दिले नाहीत. १९६० सालच्या 'द लॉस्ट वर्ल्ड'मध्ये त्याने जिवंत सरड्याघोरपडींना शिंगे चिकटवून त्यांचे प्रागैतिहासिक राक्षस बनवले. पुढे दूरचित्रवाणीवर 'लॉस्ट इन स्पेस' धरून चार मालिका केल्या. तिथेही तोच काटकसरीपणा. एकदा काढलेली दृश्ये पुन्हा वापरायची, एका भागातला राक्षस रंग बदलून दुसऱ्या भागात आणायचा. मालाची बचत कशी करावी हे या माणसाला पुरते ठाऊक होते, एवढे लक्षात ठेवा. पुढे ते कामाला येणार आहे.

१९७२ साली 'द पोसायडन ॲडव्हेंचर' आला. वर्षाच्या शेवटच्या रात्री एक प्रवासी आगबोट प्रचंड लाटेने उलटते, आणि जिवंत राहिलेल्यांना छत तुडवत तळाकडे, म्हणजे वर, चढून जावे लागते. खर्चाच्या भीतीने कंपनी कचरत होती, तेव्हा ॲलनने निम्मे भांडवल बाहेरून उभे केले. चित्रपट तुफान चालला. लोक म्हणाले, काय ती लाट! मला विचाराल तर खरी गोष्ट लाट येण्याआधीच घडून गेली आहे. बोट मोडीत जायची आहे, तिची ही शेवटची फेरी. कप्तान म्हणतो, बोट हलकी झाली आहे, स्थिर ठेवण्यासाठी टाक्यांत पाणी भरू द्या. मालकाचा प्रतिनिधी म्हणतो, उशीर होतो, उशिराचे पैसे पडतात, पूर्ण वेगाने चला. कप्तान मुकाट्याने ऐकतो. मोठ्या पगाराचा, टोपीवर सोनेरी पट्टी असलेला कप्तान. पण त्या क्षणी तो आणि आमचा फोरमन यांत मला काडीचा फरक दिसला नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. दहाजणांची जी टोळी वर चढते, तिच्यात बोटीवरचा एक वेटर आहे, पायाला दुखापत झालेला. वाट माहीत असलेला तोच. आणि त्या दहांतून सर्वांत आधी खाली कोसळून मरतो तोही तोच. शेवटी सहाजण सुटतात. ॲलनने हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. कदाचित त्याचे लक्षही गेले नसेल. पण आमचे गेले.

मग १९७४ चा 'द टॉवरिंग इन्फर्नो'. दोन कंपन्यांनी गगनचुंबी इमारतीच्या आगीवरच्या दोन निरनिराळ्या कादंबऱ्या विकत घेतल्या होत्या. ॲलनने त्यांना सांगितले, एकमेकींच्या उरावर बसू नका, दोन्हींचा मिळून एकच चित्रपट करू. अशा दोन बड्या कंपन्या हॉलिवूडात प्रथमच एकत्र आल्या. (मालक लोक गरजेला किती चटकन एकजूट करतात, हे आपल्यातल्या तीन-तीन युनियनवाल्यांनी पाहून ठेवावे.) पॉल न्यूमन आणि स्टीव्ह मॅक्वीन या दोन नटांत नाव आधी कुणाचे, हा तंटा होता. तोडगा असा निघाला की एकाचे नाव डावीकडे पण खाली, दुसऱ्याचे उजवीकडे पण वर. असे तोडगे आम्हीही पुष्कळ काढले आहेत!

दिग्दर्शक म्हणून नाव जॉन गिलरमिनचे, पण आगीचे आणि साहसाचे प्रसंग ॲलनने स्वतः दिग्दर्शित केले. सॅन फ्रान्सिस्कोत १३८ मजल्यांची इमारत. उद्‌घाटनाच्या रात्री वर मेजवानी चालू आणि ८१व्या मजल्यावरच्या कोठीत ठिणगी. कारण काय? वास्तुशिल्पी फळी उघडून पाहतो तो आत त्याने नेमून दिलेली तार नाहीच, हलकी तार घातलेली. विजेच्या कामाचा ठेका मालकाच्या जावयाकडे. जावयाला जाब विचारला तर तो सासऱ्याला तोंडावर सुनावतो की खर्च कमी करा म्हणून मागे तुम्हीच लागला होता. आणि अग्निशमन दलाचा प्रमुख बजावतो की सातव्या मजल्याच्या वरची आग हमखास विझवण्याचा उपाय आमच्यापाशी नाही, तरी तुम्ही उंच उंच बांधतच राहता.

हा सातवा मजला ऐकून मला दुसरी एक इमारत आठवते. २५ मार्च १९११, न्यूयॉर्क. ॲलनच्या जन्माआधी पाच वर्षे, त्याच्याच गावात. ट्रँगल शर्टवेस्ट या शिलाई कारखान्याला आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यांवर आग लागली. एका जिन्याचे दार कुलूपबंद. बंबाच्या शिड्या पोचल्या सहाव्या मजल्यापर्यंतच. १४६ जीव गेले, बहुतेक परदेशातून आलेल्या कोवळ्या मुली. त्यानंतर न्यूयॉर्कात कारखान्यांचे कायदे बदलले, शिलाई कामगारांची युनियन वाढली. ॲलनच्या डोक्यात ही आग होती की नाही, मी सांगू शकत नाही. पण सिनेमात तशीच आग लागली, या वेळी वर मेजवानी झोडणारे लोक होते, आणि सगळ्या जगाने तिकीट काढून पाहिली. ज्या वर्षी चित्रपट आला त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरात जोएल्मा ही २५ मजली इमारत वातानुकूलन यंत्राच्या विजेच्या दोषाने पेटली आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे मेली.

आपल्याकडे १९८० साली रवी चोप्रांनी 'द बर्निंग ट्रेन' काढला, तो याच चित्रपटांच्या वळणावर. मी तेव्हा लहान होतो. वडिलांच्या खांद्याला धरून पाहिला. छान होता, खोटे कशाला बोलू? पण त्यात गाडी पेटते ती एका मत्सरी माणसाने सूडापोटी ब्रेक निकामी करून बॉम्ब ठेवल्यामुळे. त्याला शिक्षा झाली की प्रेक्षक सुटला. ॲलनच्या त्या दोन चित्रपटांत सूडबीड कुणाच्या मनात नाही. कुणीतरी वहीत एक रक्कम कमी केली, बस्स. अशा माणसाला खलनायक कसा म्हणणार? तो तर दिवाळीला मिठाई वाटतो.

पुढची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती थोडकीच आहे. यशानंतर ॲलन पुन्हा स्वतःच्या नावाने दिग्दर्शक झाला आणि घसरला. १९७८ साली 'द स्वॉर्म', म्हणजे मारेकरी मधमाश्या. १९७९ साली पोसायडनचाच दुसरा भाग. १९८० साली ज्वालामुखीचा एक चित्रपट, त्याचा तो फक्त निर्माता. तिन्ही पडले. नट मोठे, खर्च मोठा. ज्वालामुखीच्या चित्रपटात धोका नाकारणारा हॉटेलवाला आहे, पण तो आता केवळ साचा उरला होता. आणि मधमाशीकडून कोण हिशेब मागणार? सरड्याला शिंगे चिकटवण्याची जुनी खोड परत आली, असे माझे मत. जाणकारांना पटेलच असे नाही. २ नोव्हेंबर १९९१ रोजी तो वारला.

त्याच सुमारास आम्ही युनियनच्या कचेरीत भाड्याचा व्हिडिओ आणून 'इन्फर्नो' लावला होता. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या कारखान्यातली एक फळी पेटून रात्रपाळीचा एक सोबती दोन्ही हातांनी भाजला होता. चौकशीत ठरले, चूक त्याचीच. इंग्रजी कुणाला फारसे कळत नव्हते; मी मोडकेतोडके सांगत होतो. तारेचा प्रसंग आला आणि आमचे म्हातारे वायरमन मामा उठून पडद्याजवळ गेले. म्हणाले, "पोरा, मागं घे जरा." मागे घेतले. "आणखी एकदा." तीनदा दाखवले. मामा काही न बोलता चप्पल घालून निघून गेले. पुढला सिनेमा त्यांनी पाहिलाच नाही.

सकाळी पाळी सुरू होण्याआधी त्यांनी खात्यातल्या चार फळ्या उघडल्या. दोन ठिकाणी तार कागदावर लिहिल्यापेक्षा हलकी निघाली. मामांनी तिचा वीतभर तुकडा कापून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हे इंग्रजीत लिही." पत्र मी लिहिले. तार बदलायला पाच महिने लागले, आणि भाजलेल्या सोबत्याच्या कागदावरची 'स्वतःची चूक' खोडून घ्यायला दोन वर्षे.