दहा सेंटीमीटरचे शंटिंग इंजिन

(मंडळाच्या गणेशोत्सवात व्याख्यानाच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्यासपीठावरून दरवर्षी संतसाहित्य, आरोग्य, गुंतवणूक अशा विषयांवर जाणकार मंडळी बोलतात. कार्यवाहांनी मला विचारले तेव्हा मी म्हटले, मला रेल्वेपलीकडे काही येत नाही. ते म्हणाले, मग तुमच्या टेबलावरचे ते इंजिनच घेऊन या. म्हणून आणले आहे. मागच्या रांगांना दिसणार नाही. एका बफरपासून दुसऱ्या बफरपर्यंत जेमतेम दहा सेंटीमीटर आहे.

हे शंटिंग इंजिन. मेल-एक्स्प्रेसच्या इंजिनाला लोक हार घालतात, फोटो काढतात. शंटिंगचे इंजिन कुठेच जात नाही. यार्डात चार डबे इकडून तिकडे ढकलायचे, गाडी लावून द्यायची, आणि दुसरी लावायला परत यायचे. माझी नोकरी अशाच इंजिनांवर गेली. त्यात चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेले डब्ल्यूडीएस-४ माझ्या विशेष लोभाचे. डिझेल असूनही त्याची सहा चाके वाफेच्या इंजिनासारखी बाहेरच्या दांड्यांनी जोडलेली असत. दांडे वरखाली होत चालले की इंजिन पायी चालल्यासारखे वाटे.

निवृत्तीनंतर भाच्याने इंग्लंडहून एक किट आणले. ब्रिटिश रेल्वेचा ड्र्यूरी शंटर, क्लास ०४. खरी इंजिने १९५२ ते १९६२ या काळात बनली, एकूण १४२. ताकद फक्त २०४ अश्वशक्ती, आणि सहा चाकांना जोडणारे तसेच दांडे! विक्री ड्र्यूरी कंपनीची असली तरी बांधणी दुसऱ्या कारखान्यांत होई, त्यातला एक व्हल्कन फाउंड्री. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी गेली, तिची इंजिनेही याच कारखान्यातून आली होती. तेव्हा हा पाहुणा अगदीच परका नव्हता.

किट प्लॅस्टिकचे. साचे मूळचे एअरफिक्सचे, पुढे ते डॅपोलकडे गेले. मोजमाप १ ला ७६. सांगाड्यावरचे भाग कापायचे, कानशीने साफ करायचे, चिकटवायचे. कोणी शांतपणे केले तर दोन रविवारांचे काम. मी शांतपणे केले नाही. केबिनच्या काचा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावल्या, आणि सकाळी पाहतो तो सगळ्या काचांवर पांढरी वाफ धरलेली. त्या गोंदाचा गुणच तो. पारदर्शक भागाला आपला साधा फेव्हिकॉल बरा. दुसऱ्या काचा कापून बसवल्या.

पण हे किट नुसते शोभेचे, चालत नाही. चालत नसलेले इंजिन घेऊन मी काय करू? म्हणून चालती चौकट वेगळी मागवली: पत्र्याचे कोरलेले भाग, धातूची चाके, बारा व्होल्टची मोटर. खरी परीक्षा तिथून सुरू झाली, आणि ती वर्षभर पुरली.

मंडळी, मॉडेलचे इंजिन पळवणे सोपे असते. हळू चालवणे महाकठीण. याचे कारण गमतीचे आहे. खरे इंजिन सुमारे ३० टनांचे. लांबी ७६ पटीने कमी झाली की वजन ७६ गुणिले ७६ गुणिले ७६ पटीने कमी होते, म्हणजे जवळजवळ चार लाख चाळीस हजार पटीने. हिशेब केला तर उरतात सत्तर ग्रॅम, एखादा मोठा उकडीचा मोदक! आणि वीज घ्यायची रुळांतून, चाकांवाटे. इंजिन लहान झाले, पण रुळावरची धूळ काही लहान होत नाही. तीस टनांखाली जी चिरडली गेली असती, ती धूळ सत्तर ग्रॅमला उचलून धरते. वीज तुटते, इंजिन थांबते. वेगात असेल तर झोकाने पुढे निघून जाते, हळू असेल तर जिथल्या तिथे उभे. मग टायरवाल्याकडून बॅलन्सिंगचे शिसे आणून बॉडीत भरले.

तरी अडखळेच. तेव्हा लक्षात आले की सहाही चाके रुळाला टेकतच नव्हती. तीन पायांचे स्टूल डगमगत नाही, चार पायांचे टेबल डगमगते, तोच प्रकार. मधल्या आसाला केसभर वरखाली होण्याची मोकळीक दिली, तेव्हा सहाही चाके जमिनीवर आली.

दांड्यांचे दुखणे वेगळे. एका बाजूचा दांडा आणि दुसऱ्या बाजूचा दांडा यांत पाव फेऱ्याचे अंतर ठेवावे लागते, म्हणजे एक बाजू अडली की दुसरी ओढते. हे अंतर तिन्ही आसांवर अगदी सारखे हवे. मी डोळ्यांनी बसवले आणि मोतीबिंदूने मला फसवले. इंजिन दर फेऱ्याला लंगडायचे. शस्त्रक्रिया झाल्यावर पुन्हा सोडून बसवले. आसांमधले अंतर पट्टीने मोजूच नये, हे तेव्हा शिकलो. दांड्यांच्या भोकांतच आस घालून त्या मापाने बेअरिंग सोल्डर करावीत.

शेवटचा बदल गियरचा. चाकाचा घेर सुमारे ४२ मिलिमीटर. सेकंदाला अर्धा सेंटीमीटर सरकायचे तर चाक मिनिटाला फक्त सात फेरे घेणार. ३० ला १ गियर लावला तर मोटर दोनशेच्या आसपास फिरणार, आणि त्या वेगाला ती झटके देते. ६० ला १ लावला, मग ती सव्वाचारशेवर गुमान फिरू लागली.

सेकंदाला अर्धा सेंटीमीटरच का, असे नातवानेही विचारले. खऱ्या मापात ते ताशी दीड किलोमीटरहून थोडे कमी भरते. डब्याला इंजिन लावताना तेवढाच वेग हवा, कारण त्या वेळी एक माणूस दोन बफरांच्या मध्ये उभा असतो, कपलिंग हातात घेऊन.

१९८८ च्या पावसाळ्यात, रात्रीच्या पाळीत, आमचा पॉइंट्समन असाच मध्ये उभा होता. त्याने दिवा दाखवला. रूळ ओले होते. मी हात सोडला तो जरा जास्त सुटला. चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे मात्र गेली. पुढे त्याला कार्यालयात फायली पोचवायचे काम मिळाले. दर दिवाळीला तो घरी येतो, चहा घेतो. त्या रात्रीचा विषय आम्ही दोघांनीही कधी काढला नाही.

इंजिन पुरे झाले त्या रविवारी मी त्याला बोलावले. टेबलावर हातभर रूळ आणि एक छोटी वॅगन ठेवली होती. तो खाली वाकून, डोळे रुळाच्या पातळीवर आणून बसला. मी नॉब फिरवला. इंजिन निघाले. त्याने तीन बोटांचा हात वर केला, दिवा दाखवतात तसा, आणि म्हणाला, "थोडा और धीरे, भैया." मी आणखी कमी केले. बफर टेकले. वॅगन हलली नाही.

मग त्याने स्वतः नॉब घेतला आणि तासभर सोडला नाही.

कार्यकर्त्यांची इच्छा होती की यंदा हे इंजिन बाप्पाच्या मखराभोवती गोल फिरवावे. मी नम्रपणे नाही म्हटले. शंटिंगचे इंजिन गोल फिरत नाही. आरतीनंतर बाजूच्या खोलीत टेबलावर रूळ मांडलेले असतील, दोन वॅगन असतील. मुलांनी जरूर चालवावे. उचलायचे झाल्यास बॉडीला धरा, दांड्यांना हात लावू नका.

गणपती बाप्पा मोरया!