दवाखान्यातला सोफा
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिलाय 'माझा डॉक्टरकीचा प्रवास'. दिलेली वेळ दहा मिनिटं. दवाखान्यात मी पेशंटला यापेक्षा कमी वेळ देतो अशी काहींची तक्रार आहे. ती खरी आहे, आणि आज त्याबद्दलच थोडं बोलायचंय.

बारावीनंतर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. एमबीबीएस झालो, इंटर्नशिप संपली आणि आपल्याच जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झालो. दिवसातून दोनदा एसटी यायची. वीज असली तर असायची. तिथे मी खरा डॉक्टर झालो, आणि मला शिकवलं विंचवाने.

कोकणातला लाल विंचू तुम्हाला माहीत आहे. भातकापणीच्या दिवसांत रात्री-अपरात्री माणसं डोलीतून यायची. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी विंचूदंशावर चालते हे दाखवून दिलं होतं, म्हणून आमच्यासारख्यांच्या हातात काहीतरी होतं. पण गोळी कोणाला लगेच द्यायची, हे कळायला तिथे यंत्र नव्हतं. पेशंटचा हात हातात घ्यायचा. हात गार आणि घामाने चिंब असेल तर विष अंगात भिनलंय, हृदयावर ताण येतोय. नुसतीच ठणक असेल तर थोडी उसंत आहे. तीन वर्षांत असे किती हात धरले, मोजलेले नाहीत.

१९९२ मध्ये सरकारी नोकरी सोडली. खरं कारण सांगतो. बदल्यांचा कंटाळा आला होता, आईवडील चिपळुणात एकटे होते, आणि चार पैसे मिळवावेत असंही वाटत होतं. बँकेचं कर्ज काढलं, बाजारपेठेजवळ तळमजल्यावर गाळा घेतला आणि पाटी लावली. पहिल्या महिन्यात दिवसाला चार-पाच पेशंट. त्यातले दोन नातेवाईक, म्हणजे फी नाहीच. पुढे जम बसला. सुई दिल्याशिवाय पेशंटला बरं वाटत नाही, सलाईन लावलं की डॉक्टर हुशार ठरतो, हे व्यवहाराचे धडे मिळाले. काही मी गिरवले, काही नाही.

दोन वर्षांनी हातात थोडी शिल्लक पडली. ईसीजीचं मशीन घ्यायचं की बाहेरच्या खोलीत बसायची नीट सोय करायची? मी सोफा केला. सागवानी, चार माणसांचा. बाकावर बसलेला पेशंट शेजारच्या डॉक्टरांकडे जाईल अशी भीती होती. मशीन पुढच्या वर्षी घेऊ म्हटलं.

त्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी आपल्याच वर्गातल्या एका मित्राचे वडील आले. पोटाच्या वरच्या भागात जळजळ. बाहेर पंधरा-वीस माणसं खोळंबलेली. मी पोट दाबून पाहिलं, आम्लपित्ताचं औषध लिहिलं, "काका, वडे कमी खा" म्हणालो. ते हसले आणि गेले. पहाटे बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. हार्ट अटॅक.

ईसीजी काढला असता तरी सुरुवातीला कधीकधी त्यात काही दिसत नाही, हे मी स्वतःला हजार वेळा सांगितलंय. पण मी त्यांचा हातसुद्धा हातात घेतला नव्हता, हे त्याने पुसलं जात नाही. मशीन दुसऱ्याच महिन्यात आणलं, कर्ज काढून.

मित्राने एका शब्दाने दोष दिला नाही. दिवसकार्य उरकल्यावर आईचं बीपी दाखवायला माझ्याकडेच आला. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. जाताना म्हणाला, "गुरुवारी भजनाला ये." मी गेलो. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

डॉक्टरकीबाहेरचं माझं आयुष्य म्हणजे ही भजनी मंडळी. आधी दोन वर्षं टाळ, मग पखवाज. दवाखान्यात माझं चुकलं तर मला कोणी सांगत नाही. भजनात लय घसरली की बुवा सगळ्यांसमोर थांबवतात, "डॉक्टर, परत". रिक्षावाला, पोस्टमन, मच्छीवाला, सगळे माझ्याकडे बघत असतात. पुन्हा पहिल्यापासून वाजवायचं. मला याची गरज होती.

२२ जुलै २०२१ चा पूर तुम्हाला सांगायला नको. वाशिष्ठीचं पाणी गाळ्याच्या माळ्यापर्यंत चढलं. २००५ मध्येही सोफा भिजला होता, पण तेव्हा सांगाडा टिकला आणि मी नुसतं कापड बदललं. या वेळी तो फुगून उसवला. चिखल उपसायला भजनी मंडळींतले सगळे आले. मी पेशंटना लेप्टोच्या गोळ्या वाटत होतो, ते फावडी चालवत होते. दुपारी सोफ्याचं एक टोक मी धरलं, दुसरं या मित्राने. रस्त्यावर आणून ठेवला आणि तिथेच मी त्याला सांगितलं. सत्तावीस वर्षांनी. "त्या दिवशी मी तुझ्या बाबांना नीट तपासलं नाही. मशीनच्या पैशांत हा सोफा केला होता."

तो बराच वेळ चिखलाचे हात पुसत राहिला. मग म्हणाला, "मी याच सोफ्यावर बसलो होतो रे. बाबांना वाटेत घाम फुटलेला मी बघितला होता. आत येऊन तुला सांगायला हवं होतं. पण तू आहेस, तुला कळेल, असं वाटलं."

इतकी वर्षं आम्ही दोघेही एकाच गोष्टीसाठी स्वतःला दोषी धरत होतो, आणि दर गुरुवारी शेजारी बसत होतो.

आज हे त्याच्या परवानगीने सांगतोय. तो समोर बसलाय. आपण सगळे आता साठीच्या घरात आहोत, म्हणून दोन विनंत्या. पोटाच्या वर जळजळ आणि त्याबरोबर घाम आला, तर आम्लपित्त समजून बसू नका, ताबडतोब ईसीजी काढा. आणि डॉक्टर मित्र असला तरी सोबतच्या माणसाने बाहेर थांबू नये. आत यावं, पाहिलेलं सगळं सांगावं. डॉक्टर घाईत असेल तर त्याला थांबवावं. "डॉक्टर, परत" म्हणावं.

दवाखान्यात आता सोफा नाही. साधे बाक आहेत. आणि पेशंट आला की आधी मी त्याचा हात हातात घेतो.

दहा मिनिटं झाली.