मोजले, पण तक्ता कुठे आहे?



२०११च्या जनगणनेत मी प्रगणक होते. फॉर्मवर जातीचा प्रश्न एवढाच : अनुसूचित जाती की जमाती? तेल्याच्या घरी ‘नाही’, कुंभाराच्या घरी ‘नाही’, आणि गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या ब्राह्मण वकिलांकडेही ‘नाही’. तिघांची खूण एकच. कागदावर तेवढी समता आली म्हणायची!

त्याच साली सामाजिक, आर्थिक व जात गणना वेगळी सुरू झाली. ती जनगणना कायद्याखाली नव्हती. २०१५च्या जुलैत तिचे घरादाराचे, जमीनजुमल्याचे आकडे जाहीर झाले. जातीचे झाले नाहीत. २०२१च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला सांगितले की, स्थानिक स्वराज्य संस्थांतले ओबीसी आरक्षण आकडेवारीशिवाय चालणार नाही. राज्याने केंद्राकडे ती मागितली. केंद्राने प्रतिज्ञापत्र दिले : १९३१ला ४,१४७ जाती होत्या, आता ४६ लाखांवर नावे आली आहेत, ही माहिती वापरण्याजोगी नाही. डिसेंबरात याचिका फेटाळली गेली. म्हणजे आकडा नाही म्हणून जागा गेल्या, आणि मोजलेला आकडा कुलपात राहिला.

४६ लाख जाती कुठून आल्या? आडनाव, कूळ, गोत्र, पोटजात, जो जे बोलला ते लिहिले गेले. ऱ्हस्वदीर्घ चुकले की नवी जात! आधी यादी ठरवली असती तर हे टळले असते. बिहारने तेच केले. जातींना आधी कोड दिले, मग माणसे मोजली, आणि २ ऑक्टोबर २०२३ला तक्ता लोकांपुढे ठेवला. अतिमागास ३६.०१ टक्के निघाले, सर्वांत मोठा गट. तोवर हे अंदाजानेच बोलले जाई.

आता ३० एप्रिल २०२५च्या निर्णयाप्रमाणे येत्या जनगणनेत प्रत्येकाची जात विचारली जाणार आहे. बहुतेक देशासाठी संदर्भ तारीख १ मार्च २०२७. माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. जातींची यादी मोजणीआधी जिल्ह्याजिल्ह्यात लावा, हरकती घ्या. आणि जातीचे तक्ते कोणत्या महिन्यात देणार, ते आजच लेखी सांगा.

तरुण मुले मला विचारतात, “ताई, बाबासाहेबांनी जात सोडायला सांगितली, मग आम्ही ती का सांगायची?” प्रश्न खरा आहे, मी तो हसण्यावारी नेत नाही. पण जात आपण सोडली तरी भाडेकरू ठेवणाऱ्याने सोडलेली नाही. त्याने केलेल्या भेदाचा हिशोब मागायचा तर आपली संख्या कागदावर हवी. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ अभिमानाने सांगा. १९९०च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीत मोजले जाते. मात्र जातीच्या रकान्यात यादीतले नाव लागते. तिथेही ‘बौद्ध’च सांगितले तर ती नोंद अनुसूचित जातीत धरली जाईलच असे नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी त्या राज्याची यादी आधी पाहावी. ती राज्यागणिक बदलते.

यंदा नोंद मोबाइलवर होईल. प्रगणक उठायच्या आत त्याला म्हणा, “काय लिहिलंत ते वाचून दाखवा.”